केबलवर फॉर्म्युला वन का दिसत नाही, आणि घरच्या टीव्हीवर ती नीट कशी बघावी

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी अकरावीत आहे आणि फॉर्म्युला वनची, म्हणजे त्या मोटारींच्या शर्यतींची, वेडी आहे. काही वर्षांपूर्वी ती वडिलांबरोबर याच टीव्हीवर, याच सेट-टॉप बॉक्सवर शर्यती बघायची. मग एका मार्चमध्ये त्या दिसेनाशा झाल्या. केबलवाला म्हणतो, "ताई, ते आता येत नाही." पॅक वाढवून पाहिला, तरी काही नाही. मुलगी मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे ताणून बघत बसते. गच्चीवर मोठी डिश बसवली तर परदेशी चॅनेल मिळेल का? टीव्हीवर बघायचा सरळ मार्ग कोणता?

ताई, मी १९९४ पासून केबलच्या कामात आहे. पुण्यात खांबावर चढून वायर ओढण्यापासून सुरुवात केली, पुढे बरीच वर्षं कंट्रोल रूम सांभाळली. तुमचा प्रश्न मी या ना त्या रूपात शेकडो वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी विचारणाऱ्याबद्दल मला आपुलकीच वाटली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, तुमचा केबलवाला तुम्हाला टोलवत नाहीये. २०२२ च्या हंगामापर्यंत भारतातले फॉर्म्युला वनचे हक्क स्टारकडे होते आणि शर्यती स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर लागायच्या. तो करार संपला. २०२३ मध्ये भारतातल्या एकाही टीव्ही वाहिनीने ते हक्क घेतले नाहीत आणि फॉर्म्युला वनने स्वतःचं एफ-वन टीव्ही प्रो हे अॅप इथे आणलं. २०२४ पासून हक्क फॅनकोडकडे गेले, आणि तेही मुळात अॅपच. म्हणजे शर्यतीचं चित्र केबलच्या कंट्रोल रूमपर्यंत पोहोचतच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पॅक कितीही वाढवलात तरी त्यात ती सापडणार नाही. वाढवलेला पॅक या महिन्यातच कमी करून घ्या, ते पैसे पुढे कामाला येतील.

आता हे असं का झालं? लोक म्हणतात, "आपल्याकडे बघणारेच नाहीत." मला हे कधीच पटलं नाही. बघणारे होते आणि आहेत, पण त्यांची मोजदाद कुठेच होत नव्हती.

अॅनालॉग केबलच्या काळात एकाच वायरीतून सगळे चॅनेल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जायचे. को-अॅक्सिअल वायरीचा गुणधर्म असा की फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितका सिग्नल वाटेत जास्त झिजतो. त्यात अनेक घरांत जुने टीव्ही, ते वरच्या पट्ट्यातले चॅनेल पकडायचेच नाहीत. त्यामुळे खालचा पट्टा, आम्ही त्याला प्राइम बँड म्हणायचो, म्हणजे रस्त्याला लागून असलेली दुकानाची जागा. तिथे बातम्या, मालिका, सिनेमा आणि क्रिकेटचा मुख्य चॅनेल. त्या जागेसाठी वाहिन्या केबल कंपन्यांना वेगळे पैसे मोजायच्या, त्याला कॅरेज फी म्हणत. क्रिकेट सोडून बाकीचे खेळ ज्यावर लागायचे ते चॅनेल वर, पार टोकाला. कंट्रोल रूममधल्या मॉनिटरवर चित्र काचेसारखं स्वच्छ, आणि चार अॅम्प्लिफायर ओलांडून गल्लीच्या शेवटच्या घरात पोहोचेपर्यंत नुसत्या मुंग्या. लाल गाडी फेरारीची एवढं कळायचं, पण दोन फेरारींतली शूमाकर चालवतोय ती कुठली आणि बारिकेल्लो चालवतोय ती कुठली हे आवाजावरून ओळखावं लागायचं. एका मुलाने मला फोनवर विचारलं होतं, "काका, निदान नंबर दिसेल एवढं तरी करा ना." मी शिडी घेऊन गेलो, त्यांच्या इमारतीतला स्प्लिटर बदलला, कनेक्टर नव्याने क्रिंप केले. नंबर दिसायला लागले. त्या घरी मिळालेल्या चहाची चव अजून लक्षात आहे.

आमच्याकडे एक तक्रार-वही होती, लांब, लाल पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, भाग, तक्रार असे रकाने. रविवारी संध्याकाळी त्यात "एफ-वन मुंग्या", "एफ-वन आवाज नाही" अशा नोंदी पडायच्या. दोन-तीन वर्षांत चाळीसेक वेगवेगळी घरं माझ्या ओळखीची झाली, कुठली गल्ली, कोण बघतं, सगळं पाठ. आमच्या भागात फॉर्म्युला वन किती जण बघतात याचा तेवढाच काय तो लेखी पुरावा, आणि तो वाहिनीपर्यंत कधी गेला नाही. जाण्याची वाटच नव्हती. त्या काळी केबलवाले आपल्याकडची ग्राहकसंख्या वाहिन्यांना खरी सांगत नसत. हजार घरं असली तर दीड-दोनशे दाखवायची ही सगळीकडची रीत. त्यामुळे वाहिनीच्या हिशेबात ती घरंच नव्हती, मग त्यातला फॉर्म्युला वन बघणारा कुठून असणार?

त्या वहीतलं एक पान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. १९ जून २००५, रविवार. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची शर्यत, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होणारी. त्या वर्षी मार्चमध्ये मेलबर्नला नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला होता, त्यामुळे जागणारे नेहमीपेक्षा जास्त. मी रात्रपाळीला होतो. फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यत सुटण्याआधीची फेरी, झाली आणि २० पैकी १४ गाड्या सुरुवातीच्या रेषेवर न थांबता सरळ पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, निघून गेल्या. त्या सगळ्या मिशेलिनचे टायर वापरणाऱ्या. तिथल्या उतरत्या, बँकिंग असलेल्या वळणावर टायर टिकतील याची कंपनीला खात्री नव्हती. शर्यतीत उरल्या सहाच गाड्या. आमचे फोन खणखणायला लागले. "जुनी टेप लावलीय का?" "अर्धंच चित्र येतंय का?" मी एकेकाला सांगत होतो की चित्र बरोबर आहे, शर्यतच तशी चालली आहे, बघत राहा, नारायण आत आहे. तो चौथा आला, पाच गुण मिळाले. रात्री एक वाजून गेल्यावर एका गृहस्थांचा पुन्हा फोन आला, फक्त "बघितलं हो, बघितलं" एवढं सांगायला. वहीत मी तो फोन तक्रार म्हणून लिहिला नाही, पण लिहिला.

ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीची एक वेगळीच अडचण होती आणि ती कोणाच्याच हातची नव्हती. तेव्हा ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असायची, आपल्याकडे सकाळी. नेमक्या त्याच दिवसांत सूर्य आपल्या डिशच्या नजरेतून बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. स्टारचे चॅनेल ज्यावरून यायचे तो उपग्रह १०५.५ अंश पूर्वेला; पुण्याहून सूर्य त्याच्या मागे यायची वेळ सकाळी दहा-सव्वादहाची. सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडून जातो आणि काही मिनिटं चित्र नाहीसं होतं. यालाच सन आउटेज म्हणतात. आजही मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो. साडेआठला सुरू झालेली शर्यत संपून पोडियमवर शॅम्पेन उडायची वेळ आणि हा आउटेज कधीकधी एकत्र यायचे. लोकांना वाटायचं आम्ही मुद्दाम बंद केलं. मी आदल्या दिवशी वेळ काढून नेहमीच्या घरांना फोनवर सांगून ठेवायला लागलो, तेव्हा कुठे रोष कमी झाला.

पुढे डिजिटल आलं. पुण्याला ३१ मार्च २०१३ ची मुदत होती, पुढच्या टप्प्यातल्या शहरांना २०१५ अखेरची. मुंग्या गेल्या, गल्लीच्या शेवटच्या घरातही चित्र स्वच्छ दिसायला लागलं. बॉक्समुळे किती घरांनी कुठला चॅनेल घेतला हेही नोंदलं जाऊ लागलं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नव्या दररचनेत हवा तो चॅनेल सुटा घ्यायची सोय झाली. तरीही फॉर्म्युला वनच्या प्रेक्षकाची वेगळी नोंद झालीच नाही, कारण तो घ्यायचा क्रीडा चॅनेल आणि त्या चॅनेलवर फुटबॉल, टेनिस, सगळंच असायचं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कची यंत्रं देशभरात ५० हजारांहून थोड्या जास्त घरांत, आणि टीव्ही असलेली घरं २० कोटींच्या वर. मालिका किंवा क्रिकेट मोजायला तेवढा नमुना पुरतो. पण सांगलीत एक घर, इचलकरंजीत दोन, कोथरूडमध्ये पाच असा विखुरलेला प्रेक्षक त्या जाळीतून गळून जातो.

दुसरं कारण जाहिरातींचं, आणि माझ्या मते तेच जास्त वजनदार. क्रिकेटमध्ये दर षटकानंतर, दर विकेटनंतर खेळ आपोआप थांबतो. टी-ट्वेंटीच्या एका सामन्यात अशा नैसर्गिक जागा चाळीसच्या आसपास. फॉर्म्युला वनची शर्यत एकदा सुटली की दीड-दोन तास सहसा थांबतच नाही. जाहिरात दाखवायची तर चालत्या शर्यतीत घुसवावी लागते, आणि नेमका तेव्हाच कोणी पिटमध्ये जातो किंवा कोणी कोणाला मागे टाकतो. प्रेक्षक चिडतो, जाहिरातदारही खूश नसतो. शिवाय वेळांचा मेळ नाही. जपानची शर्यत सकाळी, युरोपातल्या संध्याकाळी, ब्राझीलची रात्री उशिरा. २०२४ मध्ये तर अशा तब्बल २४ शर्यती झाल्या. जाहिरातीच्या पैशांवर चालणाऱ्या वाहिनीला हा खेळ परवडत नाही, हे त्या धंद्यात राहिलेला माणूस म्हणून मी समजू शकतो. पण त्याचा अर्थ खेळाला प्रेक्षक नाही असा लावला जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली, तेव्हा पुण्या-मुंबईहून रेल्वेने गेलेली माणसं मी ओळखतो. कराच्या वादात ती शर्यत गेली. ती माणसं मात्र आहेत तिथेच आहेत.

दूरदर्शनचा पर्यायही नाही. २००७ च्या कायद्यानुसार काही सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं, पण ते राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून यादीत घातलेल्या स्पर्धांचं. त्यात ऑलिंपिक आहे, क्रिकेट आहे. फॉर्म्युला वन नाही.

आता गच्चीवरच्या डिशचं. ताई, त्यावर खर्च करू नका. जर्मनीची आरटीएल वाहिनी वर्षानुवर्षं फॉर्म्युला वन मोफत दाखवायची, हे ऐकून बरेच जण माझ्याकडे यायचे. पण ती ज्या अॅस्ट्रा उपग्रहावरून (१९.२ अंश पूर्व) येते त्याचा झोत युरोपवर रोखलेला आहे. टॉर्चचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, मागच्या खोलीत अंधारच राहतो, तसं. तो उपग्रह सांगलीच्या आकाशातही क्षितिजाच्या वर आहे, पण त्याचा सिग्नल इथे पोहोचत नाही. बारा फुटी डिश लावली तरी पकडायला काही नाही. आणि जे सिग्नल आपल्याकडे पोहोचतात, त्यात एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडे जाणारे खेळांचे फीड कुलूपबंद असतात. केबलवाल्याला तर सरकारची डाउनलिंकिंगची (उपग्रहावरून इथे उतरवून घेण्याची) परवानगी नसलेली परदेशी वाहिनी दाखवताच येत नाही. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातलं अॅप चालवायचं म्हटलं तर त्या देशाचं कार्ड लागतं, अटींचा भंग होतो आणि खातं ऐन शर्यतीत बंद पडू शकतं. चोरीच्या लिंकांपासून मुलीला लांबच ठेवा. शेवटच्या पाच लॅपमध्ये त्या हमखास तुटतात आणि फोनमध्ये नको ते घुसतं.

सरळ मार्ग एकच. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांचं अॅप टीव्हीवर चालवायचं. हक्क बदलत राहतात, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत फॉर्म्युला वनच्या अधिकृत संकेतस्थळावरची देशवार प्रसारकांची यादी बघा आणि मगच पैसे भरा. फॅनकोडने पूर्ण हंगामाच्या पासबरोबर एकेका शर्यतीचाही पास ठेवला होता. तसा मिळत असेल तर आधी एका शर्यतीचा घेऊन पाहा, टीव्हीवर नीट चालतंय याची खात्री करा, मग हंगामाचा घ्या. केबलवाल्याकडूनच इंटरनेट घेतलं असेल तर त्याला विचारा की कुठल्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये हे अॅप मिळतं का; आजकाल असे एकत्र प्लॅन निघाले आहेत.

टीव्ही स्मार्ट असेल तर त्याच्या स्टोअरमध्ये अॅप शोधा. नसेल किंवा टीव्ही जुना आणि संथ असेल तर एचडीएमआयच्या भोकात बसणारी, टीव्हीवर अॅप चालवणारी स्टिक घ्या. मोबाइलचा पडदा टीव्हीवर मिरर करू नका. त्यात चित्र दुसऱ्यांदा दाबलं जातं आणि वेगाने पळणाऱ्या गाडीच्या कडा विरघळतात.

यापुढची सेटिंग बहुतेकांना कोणी सांगत नाही. फॉर्म्युला वनचं चित्र सेकंदाला ५० फ्रेमचं, म्हणजे ५० सुट्या चित्रांचं, तयार होतं. बाजारातल्या स्टिक मात्र मुळात ६० वर लावलेल्या असतात. ५० चे ६० करायला दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवली जाते. मालिका बघताना ते जाणवत नाही. पण कॅमेरा गाडीच्या मागे डावीकडून उजवीकडे फिरतो, तेव्हा कडेच्या फलकांवरची अक्षरं थरथरतात, गाडी गचके खात गेल्यासारखी वाटते. लोक इंटरनेटला दोष देतात आणि प्लॅन वाढवतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ फ्रेम रेटशी जुळवून घेण्याचा पर्याय चालू करा. त्याने फरक पडला नाही तर हाताने १०८०पी, ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५० वेळा) निवडा. अॅप २५ ने पाठवत असो वा ५० ने, ५० हर्ट्झवर हिशेब बरोबर बसतो. टीव्हीतलं चित्र गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग बंद करा. मी हे एका घरी करून दिलं तेव्हा तिथला मुलगा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला, "टायरवरची पिवळी पट्टी दिसतेय!"

इंटरनेट १०-१५ एमबीपीएसचं पुरतं, पण ते स्थिर हवं. राउटर टीव्हीजवळ असेल तर सरळ लॅनची वायर जोडा. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, २.४ वर शेजारच्या दहा घरांची गर्दी असते. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा. वीज गेली तर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढ्यात एक अख्खा पिटस्टॉप निघून जातो.

अॅपवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा साधारण अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागे असतं, कारण ते तुकड्यातुकड्यांनी येतं आणि दोन-तीन तुकडे साठवूनच दाखवलं जातं. हे घरी कमी करता येत नाही. म्हणून शर्यत चालू असताना मुलीच्या फोनवरची स्कोअरची नोटिफिकेशन आणि मैत्रिणींचा ग्रुप म्यूट करून ठेवायला सांगा.

राहिली वेळ. पूर्वी युरोपातल्या शर्यती आपल्याकडे साडेपाचला सुरू व्हायच्या आणि घरातल्या मालिकांच्या आधी संपायच्या. २०१८ पासून त्या तासाभराने पुढे गेल्या. आता साधारण साडेसहाला सुरू होतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत चालतात. एकच टीव्ही असलेल्या घरात हा खरा तिढा असतो. हंगामाचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावा आणि युरोपातले रविवार आधीच तिच्या नावावर करून ठेवा. मालिकेचा भाग नंतर अॅपवर बघता येतो. शर्यतीचा रिप्लेही मिळतो, पण निकाल कानावर पडल्यावर बघण्यात तिला काय गोडी वाटणार? मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्या खालच्या गटाच्या शर्यतीही बऱ्याचदा त्याच शनिवार-रविवारी असतात, अॅपवर असतील तर तिला त्याही दाखवा.

तुम्ही तिच्यासाठी पास घ्याल, तेव्हा त्या कंपनीच्या नोंदीत सांगलीतला फॉर्म्युला वनचा एक प्रेक्षक थेट चढेल. माझ्या लाल वहीतल्या चाळीस घरांना हे कधीच मिळालं नव्हतं. पास स्वतःच्या खऱ्या पत्त्यावर, पिनकोडसकट घ्या. चित्र अडकलं, आवाज गेला तर गप्प बसू नका, अॅपच्या मदतकक्षाला वेळेसकट लेखी कळवा.

स्टिक घ्यायच्या आधी टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि एचडीएमआयची किती भोकं मोकळी आहेत तेवढं मला कळवा. कुठली स्टिक बसेल आणि ५० हर्ट्झचं सेटिंग त्यात नेमकं कुठे आहे, ते लिहून पाठवतो.